जीआर दाखवा, मग कोड लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोड लिहून देणाऱ्या एआय सहाय्यकांवर मराठी वृत्तपत्रांत हल्ली बरेच छापून येते. नोकऱ्या जातील का, कॉलेजांनी काय शिकवावे, अशी चर्चा असते. रोजच्या कामात जे नडते ते मात्र त्यात सहसा नसते. हा सहाय्यक मुद्दाम सांगितल्याशिवाय अनेकदा काहीच उघडून बघत नाही, आठवेल तसे लिहितो. आणि आठवणीतले चूक व बरोबर दोन्ही सारख्याच ठामपणे लिहितो. सरकारी कचेरीत कोणी ‘असाच नियम आहे’ म्हणाले की मुरलेला माणूस वाद घालत बसत नाही, ‘जीआर दाखवा’ एवढेच म्हणतो. सहाय्यकाकडेही तेच मागायचे असते. फक्त ते नेमके मागावे लागते. ‘डॉक्युमेंटेशन (अधिकृत माहितीपुस्तिका) बघून लिही’ एवढ्याने भागत नाही. (पुढे आज्ञा आणि फंक्शनांची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.)

आठवण का फसवते ते आधी पाहू. सहाय्यकामागचे मॉडेल एका तारखेपर्यंतच्या मजकुरावर तयार होते, नंतर काय बदलले ते त्याला ठाऊक नसते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठी अडचण अशी की जुना कोड संख्येने कितीतरी जास्त आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडाज लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच) डेटाफ्रेमचे, म्हणजे तक्त्याला ओळी जोडणारे, ‘अपेंड’ जानेवारी २०२२ च्या १.४ आवृत्तीत मोडीत काढण्याची सूचना आली, एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये ते काढूनच टाकले. त्या जागी ‘कॉनकॅट’ वापरायचे. पण त्याआधीचे धडे, प्रश्नोत्तरे, विद्यार्थ्यांचे प्रकल्प सगळे ‘अपेंड’नेच भरलेले. मॉडेलने नवा नियम वाचलेला असला तरी हात जुन्याकडे वळतो. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीच्या १.२४ आवृत्तीतून गेलेले ‘एनपी डॉट फ्लोट’ आणि वेबपाने रचणाऱ्या रिॲक्ट लायब्ररीच्या १९ व्या आवृत्तीतून गेलेले ‘रिॲक्टडॉम डॉट रेंडर’ यांची गत तीच.

ही उदाहरणे तशी सोपी, कारण कोड चालवला की लगेच बोंब होते. खरी भीती मुकाट्याने चालणाऱ्या चुकांची. वेबवरून माहिती आणणाऱ्या पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीत टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत, दिली नाही तर समोरचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत प्रोग्राम ताटकळत राहू शकतो. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिले आहे, तरी सहाय्यकाने लिहिलेल्या कोडमध्ये टाइमआउट नसणे हा नेहमीचा अनुभव. किंवा ‘राउंड’ घ्या. पायथनमध्ये २.५ चे राउंड ३ नव्हे, २ येते, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेली जाते. २.६७५ दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड केले तर २.६८ न येता २.६७ येते, तो दोष राउंडचा नाही, दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाहीत याचा. दोन्ही गोष्टी पायथनच्या अधिकृत पानावर उदाहरणासह आहेत. पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब असा लिहिला तर प्रोग्राम कधीच अडणार नाही, फक्त पैशापैशाचा फरक पडत राहील आणि लेखापरीक्षणात तो कुणाला तरी शोधत बसावे लागेल. पैशांसाठी दशांश नेमके साठवणारे ‘डेसिमल’ मॉड्यूल आणि राउंडिंगची पद्धत नाव घेऊन सांगितलेली, एवढा आग्रह हवाच.

अशा वेळी बहुतेक जण सहाय्यकाला विचारतात, ‘खात्री आहे ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, किंबहुना घातक. त्याच्याकडे पडताळायला नवे काही नसते. तो माफी मागतो आणि प्रसंगी बरोबर उत्तरही बदलून देतो. ‘काळजीपूर्वक लिही’, ‘तज्ज्ञासारखे लिही’ यांचेही तेच. पुरावा बाहेरून यावा लागतो, म्हणून पहिले काम म्हणजे त्याला बाहेर बघण्याची सोय आहे की नाही ते पाहणे. काही साधनांत इंटरनेट शोध बंद असतो, काहींत प्रत्येक वेळी परवानगी द्यावी लागते. सोय नसेल तर ‘डॉक्युमेंटेशन बघ’ म्हटल्यावर तो बघितल्यासारखे लिहितो. पानाचा पत्तासुद्धा देतो. तो पत्ता उघडत नाही.

दुसरे काम म्हणजे कोणती आवृत्ती चालते ते त्याला सांगणे. ‘पायथन डॅश-डॅश व्हर्जन’, ‘पिप शो’ आणि लायब्ररीचे नाव, जावास्क्रिप्टमध्ये ‘एनपीएम एलएस’ या आज्ञांनी ती कळते: ही माहिती जिथे प्रोग्राम चालणार त्या सर्व्हरवरून घ्यायची, आपल्या लॅपटॉपवरून नव्हे. याचे चांगले उदाहरण वेळेचे आहे. पायथन ३.१२ मध्ये आत्ताची जागतिक वेळ (यूटीसी) देणारे ‘यूटीसीनाऊ’ हे फंक्शन मोडीत निघाले. ते वापरले की जो इशारा दिसतो त्यात ‘डेटटाइम डॉट यूटीसी’ वापरा असे सुचवलेले असते. सहाय्यक ते प्रामाणिकपणे उचलतो. पण उबुंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येते, आणि हे छोटे नाव आले ३.११ मध्ये. म्हणजे लॅपटॉपवर कोड चालतो आणि सर्व्हरवर त्या ओळीशी आला की कोसळतो. ‘टाइमझोन डॉट यूटीसी’ दोन्हीकडे चालते. इथे सहाय्यकाने अधिकृत गोष्टच वाचली होती. आवृत्ती चुकीची होती. पायथनच्या अधिकृत स्थळावर प्रत्येक आवृत्तीची पाने वेगळी आहेत, पत्त्यातच ३.१० किंवा ३.१२ असते. नुसते ३ असलेला पत्ता नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो.

तिसरे, पुराव्याची उतरंड सांगायची. सगळ्यात वर इंटरनेट नाही, तर जिथे कोड चालणार त्या यंत्रावर बसवलेली लायब्ररी. तिची आवृत्ती शंभर टक्के बरोबर असते आणि नेट लागत नाही. पायथनमध्ये ‘पायडॉक’ किंवा ‘हेल्प’, टाइपस्क्रिप्टमध्ये नोड मॉड्यूल्स फोल्डरमधल्या ‘डी डॉट टीएस’ फायली, लिनक्सच्या आज्ञांसाठी ‘मॅन’ची पाने. फंक्शनला कोणते घटक द्यायचे, कोणते ऐच्छिक, मूळ किंमत काय, एवढे इथेच कळते. त्याखाली त्या आवृत्तीचे अधिकृत डॉक्युमेंटेशन. मग बदलांची यादी आणि स्थलांतराची मार्गदर्शिका, ज्या नव्या आवृत्तीवर जाताना पहिल्या नंबरला येतात. ब्लॉग आणि प्रश्नोत्तरे शेवटी, तीही दिशा कळण्यापुरती. इंटरनेटच्या नियमांसाठी आरएफसी, म्हणजे क्रमांक दिलेले मानक दस्तऐवज, वाचायला सांगताना एक पथ्य: पानाच्या डोक्यावर ‘अमुक क्रमांकाने रद्द’ असे लिहिले आहे का ते आधी बघायला लावायचे. वेबपानांची देवाणघेवाण ठरवणाऱ्या एचटीटीपीसाठी सहाय्यक अजून आरएफसी ७२३१ चा हवाला देतात. जून २०२२ पासून तिची जागा ९११० ने घेतली आहे. यूयूआयडी या एकमेव ओळख-क्रमांकांची ४१२२ सुद्धा मे २०२४ मध्ये ९५६२ ने रद्द झाली. जुना जीआर दाखवून काम करून घेण्याचाच हा प्रकार.

प्रत्यक्ष सूचना कशी असावी? मराठीत लिहिली तरी चालते, लायब्ररींची नावे तेवढी मुळाबरहुकूम हवीत. एक नमुना:

‘या प्रकल्पात पायथन ३.१० आणि पांडाज २.२ आहे. बाहेरच्या लायब्ररीचे कोणतेही फंक्शन वापरण्याआधी त्याची सिग्नेचर (कोणते घटक द्यायचे ते) इथल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (या प्रकल्पापुरत्या बसवलेल्या लायब्ररींत) तपास. तिथे उलगडा झाला नाही तर याच आवृत्तीचे अधिकृत डॉक्युमेंटेशन उघड. ब्लॉग पुरावा म्हणून धरू नकोस. कोडसोबत पानाचा पत्ता, विभागाचे नाव आणि ज्या वाक्यावर विसंबलास ते मूळ इंग्रजी वाक्य जसेच्या तसे दे. सापडले नाही तर “सापडले नाही” असे लिहून थांब, अंदाजाने भरू नकोस.’

यातले शेवटचे वाक्य गाळू नये. ‘सापडले नाही’ म्हणण्याची मुभा दिली नाही तर सहाय्यक रिकामी जागा सोडत नाही. आणि मूळ वाक्य मागण्याचे कारण असे की ते आपल्याला त्या पानावर शोधून दहा सेकंदांत पडताळता येते. सारांश पडताळता येत नाही. ही सूचना दर वेळी टाइप करण्यापेक्षा प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ नावाच्या फायलीत ठेवावी. अनेक साधने ती आपोआप वाचतात. क्लॉड कोड या सहाय्यकासाठी ‘क्लॉड डॉट एमडी’, कोपायलट या सहाय्यकासाठी ‘डॉट गिटहब’ फोल्डरमधली वेगळी सूचना-फाइल असते. फाइल एका पानात मावेल इतकीच असावी. तीनशे ओळींचे नियमपुस्तक लिहिले की त्यातले कोणते पाळले जाईल सांगता येत नाही.

आता जिथे हे सगळे सर्वांत जास्त लागते त्या विषयाकडे, म्हणजे मराठी मजकूर हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरे किती? पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १० सांगतात. पायथन कोडपॉइंट मोजते, म्हणजे युनिकोड या जागतिक लिपी-संकेताने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक; जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ ची एकके मोजते, पण देवनागरीत दोन्ही सारखेच: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणून बाइट ३०. शाळेतले मूल म्हणेल ४: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडचे अक्षरगट ठरवणारे परिशिष्ट २९ पूर्वी ६ सांगायचे, कारण त्याच्या मूळ नियमांत जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचे; सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि उत्तर ४ झाले. आता सहाय्यकाला ‘नाव २० अक्षरांत बसव’ म्हटले तर तो यांतला कोणता आकडा धरेल? ओरॅकल डेटाबेसमध्ये व्हारचार-२ या मजकुराच्या रकान्याची लांबी वेगळे काही सांगितले नाही तर बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये २० च्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ मावतच नाही, त्रुटी येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस त्याच २० चा अर्थ अक्षरे, म्हणजे कोडपॉइंट, असा घेतात. म्हणून सूचना अशी हवी: ‘आपल्या डेटाबेसच्या आवृत्तीत ही लांबी कशात मोजतात ते वाक्य दाखव, आणि जोडाक्षर मध्ये तोडायचे नसेल तर परिशिष्ट २९ ची कोणती आवृत्ती आपल्या लायब्ररीत आहे ते सांग.’

शब्द वेगळे करण्याचे तर विचारूच नये. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रात, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे शब्दातले अक्षर, असे सहाय्यक गृहीत धरतो. डॉक्युमेंटेशन सांगते की यात अक्षरे, अंक आणि अधोरेषा येतात. काना-वेलांटी ही युनिकोडच्या लेखी अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत. त्यामुळे ‘मराठी’ हा एक शब्द ‘मर’ आणि ‘ठ’ असा दोन तुकड्यांत निघतो. गंमत अशी की युनिकोडच्याच रेग्युलर एक्स्प्रेशनविषयक शिफारशीत या चिन्हांचा शब्दात समावेश करा असे म्हटले आहे. मानक एक सांगते, भाषा दुसरे करते. म्हणून मानकाबरोबर आपण वापरतो त्या भाषेचेही पान दाखवायला सांगायचे आणि दोघांत फरक असेल तर भाषेचे खरे धरायचे. जावास्क्रिप्टमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ निव्वळ इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा ओळखते.

अंकांचेही असेच. पायथनचा ‘इंट’ १२३ हे देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो आणि त्याचे अंक शोधणारे ‘बॅकस्लॅश डी’ हे चिन्ह देवनागरी अंकांनाही अंक म्हणते. जावास्क्रिप्टचा ‘नंबर’ त्यांना संख्याच मानत नाही. उलट जावास्क्रिप्टला एमआर-आयएन लोकेल (भारतातली मराठी, असा भाषा-प्रदेशाचा संकेत) देऊन १२३४५६ दाखवायला सांगा, तो छान १,२३,४५६ असे देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह दाखवतो. रक्कम चौकटीत अशी दाखवली आणि तीच चौकट परत वाचली की हाती शून्यही येत नाही, ‘संख्या नव्हे’ येते. अंक इंग्रजी (1, 2, 3) हवे असतील तर अंकपद्धती ‘लॅटन’ अशी स्पष्ट सांगावी लागते. मजकुरापुरती एक फॉर्मॅट केलेली प्रत आणि हिशेबासाठी मूळ संख्या वेगळी ठेवणे हा त्याहून बरा मार्ग.

आणि आपला चंद्रकोरी र. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. नव्या पद्धतीत ०९३१ हा कोडपॉइंट, हलन्त आणि य. जुन्यात साधा र, हलन्त, मग २००डी हे न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात मात्र एक दुसऱ्याला सापडत नाही. सहाय्यकाला विचारले तर तो बहुधा ‘एनएफसी नॉर्मलायझेशन करा’, म्हणजे एकच अक्षर साठवण्याच्या तऱ्हा एकसारख्या करा, असे सुचवेल. त्याने हे जुळत नाही, कारण ०९३१ ची अधिकृत फोड र आणि नुक्ता अशी आहे; जोडचिन्हाशी तिचा संबंध नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘अदृश्य चिन्हे साफ करा’ ही त्याची आवडती ओळ. तिने २००डी उडाले की जुन्या पद्धतीच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र! युनिकोड मानकाच्या १२ व्या प्रकरणात देवनागरीचे नियम आहेत, त्यात मराठीचे नाव घेऊन हे दोन्ही प्रकार दिले आहेत. सहाय्यकाला तेच प्रकरण उघडायला लावा, आणि शोधसूची बनवण्याआधी जुन्या क्रमाच्या जागी नवा क्रम घालणारी ओळ लिहून घ्या.

एवढे करूनही गोष्टी चुकतात. सहाय्यक म्हणतो ‘मी पान पाहिले’, पण त्याने शोधाच्या निकालातल्या दोन ओळीच पाहिलेल्या असतात. साधनाच्या नोंदीत पान उघडल्याची क्रिया दिसते का ते बघावे. काही डॉक्युमेंटेशन स्थळे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने रंगतात, सहाय्यकाच्या हाती रिकामे पान लागते, आणि तो पुन्हा आठवणीवर येतो. अशा ठिकाणी त्या लायब्ररीच्या मूळ भांडारातली मजकूर-फाइल द्यावी, किंवा ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ ही एआयसाठी साध्या मजकुरात ठेवलेली फाइल असेल तर ती. ही पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवली. सगळीकडे ती नाही. लांब पान मध्येच कापले जाते, म्हणून विभागाचे नाव द्यावे. अख्खे मॅन्युअल चिकटवण्याचा उलटाच परिणाम होतो, कामाची ओळ गर्दीत हरवते. अनोळखी पानांत सहाय्यकाला उद्देशून लपवलेल्या सूचना असू शकतात, त्यामुळे कोणत्या स्थळांवर जायची परवानगी आहे त्यांची छोटी यादी करणे सुरक्षित.

पॅकेजांच्या, म्हणजे डाउनलोड करून बसवायच्या लायब्ररींच्या, नावांबाबत अधिक सावध राहावे. २०२५ च्या युझनिक्स सुरक्षा परिषदेतल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोड-नमुने घेतले होते. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. सशुल्क मॉडेलांत हे प्रमाण बरेच कमी होते, पण तिथेही ते सरासरी ५ टक्क्यांच्या वर होते. अशी काल्पनिक नावे कोणीतरी आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवू शकतो. म्हणून पॅकेज ‘आहे का’ एवढे बघून चालत नाही; लायब्ररीच्या अधिकृत पानावरील बसवण्याच्या आज्ञेतले नावच घ्यावे. कोडमध्ये आयात (इम्पोर्ट) करायचे नाव आणि बसवायचे नाव अनेकदा वेगळे असते: ‘सीव्ही२’ साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’, ‘एसकेलर्न’ साठी ‘सायकिट-लर्न’, ‘पीआयएल’ साठी ‘पिलो’. अंदाज चुकतात ते नेमके इथे.

प्रत्येक फॉर-लूपसाठी हे सोपस्कार करू नयेत, वेळ आणि पैसा दोन्ही जातो. तारीख-वेळ, पैसे, पासवर्ड आणि कूटलेखन, परवानग्या, आवृत्तीबदल आणि वर सांगितलेली देवनागरी, एवढ्यांत मात्र सूट नाही. डॉक्युमेंटेशनही क्वचित चुकते. म्हणून दाखवलेल्या वाक्यावरून चार-पाच ओळींची चाचणी लिहून घ्यावी आणि ती आपल्या सर्व्हरच्या आवृत्तीवर चालवावी. मराठीसाठी त्या चाचणीत ‘महाराष्ट्र’, दोन्ही तऱ्हेचा ‘दुसऱ्या’ आणि ‘१२३’ हे शब्द असले की बहुतेक खड्डे सापडतात.

आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत कोडचा तुकडा किंवा एआयला द्यायची सूचना छापाल तेव्हा खाली एका ओळीत लायब्ररीची आवृत्ती, तपासल्याची तारीख आणि अधिकृत पानाचा पत्ता द्यावा. अभियांत्रिकीच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्येही प्रत्येक प्रयोगाखाली ही ओळ सक्तीची करता येईल. त्याला जागा फार लागत नाही.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे